भातवडी : बांध, चिखल आणि बाण

नगर शहराच्या पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवर भातोडी आहे. इतिहासाची पुस्तके तिला ‘भातवडी’ म्हणतात, सरकारी कागद ‘भातोडी पारगाव’ म्हणतात, आणि गावकरी नुसते ‘भातोडी’. गावाला मेहेकरी नदी आहे, तलाव आहे, नृसिंहाचे जुने देऊळ आहे आणि शरीफजीराजे भोसल्यांची समाधी आहे. इतिहासाची आवड असलेला पाहुणा आला की आधी तलाव दाखवायचा, अशी रीत पडली आहे. बांधावर उभे करून सांगायचे : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथेच बांध फोडला, रात्रीतून पाणी सोडले, खाली उतरलेली मोगलांची आणि विजापूरकरांची फौज वाहून गेली, सकाळी लढायला कुणी उरलेच नाही.

ही हकीकत आता गावापुरती राहिलेली नाही. व्याख्यानांतून, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून ती इतकी फिरली आहे की १६२४ची भातवडी म्हणजे ‘पाण्याची लढाई’ हे समीकरण पक्के झाले आहे. त्याला दोन शेपट्याही जोडल्या गेल्या आहेत. एक, गनिमी काव्याचा जन्म इथे झाला. दुसरी, ही मराठ्यांनी मोगलांवर मिळवलेली पहिली मोठी फत्ते.

बांध फोडला गेला, हे मला नाकारायचे नाही. त्याला आधार आहे. पण बांध फुटला म्हणून लढाई जिंकली, हे मला मान्य नाही. आणि गंमत अशी की या समजुतीविरुद्धचा सगळ्यात वजनदार साक्षीदार भातोडीतच आहे. तलाव बघून परत फिरणाऱ्यांना त्याच्याकडे जायला सवड होत नाही, इतकेच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. अंबराच्या विरोधात दोन सत्ता एकत्र आल्या होत्या आणि तो त्यांच्या मानाने दुबळा होता. त्याने तलावाच्या आडोशाने तळ दिला. बांध फोडल्याचा उल्लेख फार्सी साधनात आहे. निकालही एकतर्फी लागला : विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मोगलांचा लष्करखान आणि त्याच्याबरोबरचे कितीतरी सरदार कैद झाले, खंजरखान पळून नगरच्या किल्ल्यात शिरला. दुबळा पक्ष, फुटलेला बांध आणि धुव्वा उडालेला शत्रू, अशा तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन आपोआप मधली रेघ ओढते. कार्यकारणाचा असा सोपा दोर हाती लागला की तो सोडवत नाही.

आता तो बांधाचा उल्लेख कुणाचा आहे ते पाहू. लढाईचा तपशील मुख्यतः फुजूनी अस्तराबादीच्या ‘फुतूहात-इ-आदिलशाही’त येतो. नावच सांगते की हा विजापूर दरबाराच्या बाजूचा इतिहासकार, म्हणजे हरलेल्या पक्षाचा. हरलेल्या पक्षाला पाऊस, चिखल आणि फुटलेले तळे नेहमीच प्रिय असतात. सेनापती कमी पडला म्हणण्यापेक्षा आभाळ फाटले म्हणणे सोयीचे. एवढा कल जमेस धरूनही फुजूनीच्या हकिकतीतून काय निघते? पाणी सोडल्याने आणि वरून पाऊस पडत राहिल्याने शत्रूची वाट अडली, पुढे सरकणे मुश्किल झाले, छावणीत हाल सुरू झाले. फौज वाहून गेली असे त्यातून निघत नाही. अडणे आणि वाहून जाणे यांत फरक आहे. आपल्या सांगण्यात तो पुसला गेला.

पुसला जाण्याचे एक कारण मला पानशेत वाटते. १२ जुलै १९६१ नंतर मराठी माणसाने ‘धरण फुटले’ हे शब्द ऐकले की त्याच्या डोळ्यांपुढे पुण्यातले वाहून गेलेले वाडे येतात. पण निजामशाहीतला तलाव म्हणजे पानशेत नव्हे. असा तलाव फोडला की पाणी नदीच्या पात्राने उतरते, काठच्या सखलात पसरते आणि थोड्याच वेळात ओसरते. तीही नदी मेहेकरी, सीनेला मिळणारी उपनदी, कृष्णा नव्हे. घोडदळाच्या छावण्या ऐसपैस पसरलेल्या असतात आणि पात्रात तंबू ठोकणारा सेनापती अजून जन्मायचा आहे. त्या पाण्यात काही माणसे, काही जनावरे गेली असतील. दोन दरबारांची फौज त्यात बुडवायची तर तलाव नव्हे, समुद्र हवा.

मग पाण्याने केले काय? नगर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. काळ्या रानात दोन दिवस पाऊस लागला की बैलगाडीचे चाक आखापर्यंत रुतते, पायातली वहाण हातात घ्यावी लागते. तिथे तोफांचे गाडे, दाणावैरणीचे बैल, तंबू-कनाती आणि भारी जीनसाजाचे घोडे ओढणारी फौज आणून उभी करा. उलट अंबराचे बारगीर हलके : एक घोडा, भाला, पडशीत भाकरी. चिखल दोघांनाही होताच, पण ज्याला हलायची गरज जास्त त्याला तो जास्त नडला. अंबराने पाणी सोडून शत्रू मारला नाही, शत्रूचा दिवस लांबवला. त्याला वेळ हवा होता.

वेळ कशासाठी? भुकेसाठी. ही लढाई आधी रसदीच्या वाटेवर झाली आणि मग मैदानात, असे माझे म्हणणे आहे. थोडे मागे जाऊन पाहू. मोगल आणि विजापूरकर एक झाले होते. लारी आदिलशाही पथके घेऊन बुऱ्हाणपुराकडे मोगलांच्या दिमतीला होता. मोगलांचा दख्खनचा सुभेदार महाबतखान शाहजादा खुर्रमच्या बंडामागे उत्तरेत गुंतला होता. ही संधी साधून अंबर बेदरवर गेला, थेट विजापूरला जाऊन भिडला. घाबरलेल्या इब्राहीम आदिलशाहाने लारीला परत बोलावले आणि त्याच्याबरोबर मोगली फौजही दक्षिणेला निघाली. अंबर मागे सरला, आपल्या मुलखात आला. शत्रू पाठीवर. म्हणजे लढाई कुठे द्यायची ते त्याने ठरवले. मुलूख त्याचा, वाटा त्याच्या, खेडी त्याच्या महसुली बंदोबस्ताखाली मोडलेली. शत्रू मात्र पावसात, परक्या रानात, आपल्या कोठारांपासून लांब.

छावणीत धान्य संपू लागले. अंबराची पथके रात्री-बेरात्री छापे घालत राहिली, म्हणजे झोपही नाही. विजापूरकडचे शिपाई उपाशी राहण्यापेक्षा अंबराच्या तळात जाऊन मिळू लागले. तिथे त्यांना निदान खायला मिळत होते. फौज मोडते ती अशी. आधी पोटातून, मग मनातून, शेवटी रणातून. बांध फोडण्यात अंबराला किती वेळ लागला असेल? एखादी रात्र. ही उपासमार घडवून आणायला मात्र त्याला कितीतरी दिवस धीर धरावा लागला. पण धीराची चित्रफीत कशी काढणार?

आणि मग तो साक्षीदार. शेवटी जो हल्ला झाला त्यात शरीफजी पडला. शहाजीराजांचा सख्खा धाकटा भाऊ, मालोजीराजांचा मुलगा. या भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. दर्गा नगरमध्येच आहे. शिवाजी महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त या लढाईचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्यात शरीफजी शत्रूच्या बाणांनी पडला.

बाण मारायला बाण मारणारा लागतो. तो पाय रोवून उभा किंवा घोड्यावर पक्की मांड घालून बसलेला लागतो, त्याच्या धनुष्याची दोरी कोरडी लागते आणि समोरचा माणूस त्याच्या टप्प्यात यावा लागतो. रात्री पाण्याने शत्रू वाहून गेला असेल आणि सकाळी रान मोकळे असेल, तर अंबराच्या बाजूचा एवढा मोठा सरदार बाणांनी कसा मेला? ‘शिवभारता’चा सारा भर समोरासमोरच्या झुंजीवर आहे. काव्य म्हणून अतिशयोक्ती वजा करा, भोसल्यांच्या गौरवाचा भाग वजा करा, तरी एक मृत्यू उरतो. भोसल्यांच्या दरबारातला कवी भोसल्यांच्या घरातला माणूस गमावल्याचे उगाच लिहिणार नाही. त्या मृत्यूची खूण भातोडीत आहे. शत्रू दमलेला होता, भुकेला होता, पण उभा होता आणि लढला. त्याला मारूनच हटवावे लागले. लारीही पाण्यात गेला नाही, रणात पडला.

खुणांविषयी आणखी थोडे सांगायचे आहे. आज बांधावर उभे राहून ‘हाच तो बांध’ म्हणताना जपून म्हणायला हवे. हा तलाव सलाबतखानाच्या नावावर सांगितला जातो, मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीतला तो नामांकित वजीर. पण इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, त्याची दुरुस्ती होऊन तो सिंचनासाठी पुन्हा कामाला लावला गेला. म्हणजे आपण ज्याच्यावर उभे आहोत त्यातला किती भाग अंबराने पाहिला असेल, हा प्रश्नच आहे. जागा खरी, पाणी खरे, माती कुणाची ते पाहावे लागेल. सलाबतखानाचे नशीबच तसे दिसते. नगरच्या डोंगरावरची त्याची अष्टकोनी कबर सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून दाखवतात, आणि त्याच्या तलावाची कीर्ती तो बांधल्याबद्दल नाही, फोडल्याबद्दल.

लढाईच्या खुणा अशा फसव्या असतात, याचे आणखी एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावर सॅकेट्स हार्बर नावाचे छोटे गाव आहे. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात १८१२ साली जुंपलेल्या युद्धात तिथे दोनदा झुंज झाली. त्यातली २९ मे १८१३ची मोठी. गाव ती आठवण मोठ्या मायेने जपते. पण तिथल्या दगडी मॅडिसन बराकी, ज्या पाहून पाहुण्याला वाटावे की शिपाई इथूनच धावत बाहेर पडले असतील, त्या युद्ध संपल्यानंतर बांधलेल्या आहेत. आणि त्या दिवशी धडाडून पेटलेली आरमारी कोठारे इंग्रजांनी जाळली नव्हती. गाव पडले अशा गैरसमजाने अमेरिकनांच्याच अधिकाऱ्याने ती पेटवली होती. तळ्याकाठच्या लढायांचे सगळीकडे हेच होते. जे ठळक दिसते, जळते किंवा फुटते, ते लढाईचे नाव घेऊन बसते. बाकीचे झाकले जाते.

आता त्या दोन शेपट्या. गनिमी काव्याचा जन्म भातवडीत झाला म्हणणाऱ्यांनी जहांगीर बादशाहाला विचारावे. अंबराचे नाव शिवीशिवाय घ्यायचे नाही असा त्याचा शिरस्ता होता, आणि अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेले एक चित्र तर प्रसिद्धच आहे : बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही म्हणून चित्रात मिळवले. हे चित्र भातवडीच्या कितीतरी आधीचे, १६१६च्या सुमाराचे. इतका राग एका दिवसात साचत नाही. रसद तोडायची, छापा घालायचा, पाठीवर घेऊन दमवायचे, ही बारगिरी अंबर आणि त्याचे मराठे सरदार शतकाच्या सुरुवातीपासून करत होते. त्याच १६१६ साली रोशनगावला समोरासमोर उभे राहून लढण्याचा मोह अंबराला महागात पडला. तो हरला आणि मोगलांनी त्याची राजधानी खडकी जाळली. भातवडीला तो समोरासमोर लढलाच, पण शत्रू आधी पोखरून. म्हणजे भातवडीत जन्मले काहीच नाही. जुनी विद्या आणि रोशनगावचा चटका यांची गाठ पडली. मला तर भातवडीचे मोल त्यातच वाटते. हा म्हातारा त्या वेळी सत्तरी ओलांडलेला होता, आणि आठ वर्षांपूर्वीची आपली चूक त्याने दुरुस्त केली.

दुसरी शेपटी जास्त नाजूक आहे. भातवडी शहाजीची की अंबराची, यावरून आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष अंबराचे नाव पुटपुटून पुढे जातो, दुसऱ्याला भोसल्यांचा उल्लेख म्हणजे दरबारी कवीची भर वाटते. फुजूनीला शहाजीत रस नव्हता, परमानंदाला होता. यात कुणी खोटे बोलले असे नव्हे. दोघे आपापल्या धन्याच्या अंगणातून पाहत होते. ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादून १९२७ साली छापल्यावर मराठी वाचकाला दुसरे अंगण दिसले. त्याच परमानंदाने अंबराच्या पराक्रमाचीही स्तुती केली आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मोहीम आखली, जागा निवडली, वेळ साधली ती अंबराने. आणि शेवटच्या झुंजीत भोसले बंधू, विठोजीराजांचे मुलगे आणि इतर मराठे सरदार पुढे होते. एकाचे श्रेय वाढवायला दुसऱ्याचे कापावे लागत नाही.

‘मराठ्यांची मोगलांवरील फत्ते’ हे वर्णन तर पहिल्याच पायरीवर ठेचकाळते. त्या दिवशी मोगलांच्या बाजूने कोण होते? लखुजी जाधवराव. शहाजीराजांचे सासरे, जिजाऊंचे वडील. त्यांच्याबरोबर माहूरकडचे उदाराम. दोघेही लढाई अंगाशी येताच निघून गेले. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला; निजामशाहीचा वजीर हबशी; विजापूरचा सेनापती ‘लारी’, म्हणजे मूळ इराणच्या लार गावचा. या गर्दीवर आजच्या मोर्चातले झेंडे लावायला गेलो तर एकही काठी सरळ उभी राहणार नाही. शिवाय या विजयाने मोगल दख्खनमधून उखडले गेले, असेही नाही. नगरचा किल्ला १६०० साली मोगलांनी घेतला होता, तो भातवडीनंतरही त्यांच्याच हाती राहिला. अंबराने त्याला वेढा घातला, तो पडेना तेव्हा उठून विजापूर गाठले, इब्राहीमची लाडकी नवरसपूर नगरी उद्ध्वस्त केली, सोलापूरही घेतले. पण निजामशाहीची जुनी राजधानी काही परत मिळाली नाही. १६२६ साली अंबर वारला. त्याच्या आधीच शहाजीराजे त्याला सोडून विजापूरकडे गेले होते. भातवडीच्या विजेत्यांची जोडी दोन वर्षेही टिकली नाही.

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? लोकांना तलावाची गोष्ट आवडते, मुलांना लढाई लक्षात राहते, चालू द्या. यावर मला नगरचीच दुसरी गोष्ट आठवते. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरच्या पेठेचा तट घेतला. इंग्रजांच्याच छावणीतल्या एका मराठा सरदाराच्या नावावर त्याबद्दल एक उद्गार सांगितला जातो, त्याचा मतलब असा की हे लोक सकाळी आले, भिंत ओलांडली, आतले कापले आणि परत जाऊन न्याहारीला बसले. इंग्रजांनी तो दीडशे वर्षे मिरवला आणि आपणही मान खाली घालून ऐकला. त्या न्याहारीच्या विनोदाखाली पेठेत शिंद्यांच्या बाजूने झुंजलेले अरब गाडले गेले, आणि किल्ला मात्र त्या दिवशी पडला नव्हता ही गोष्टही गाडली गेली. दहा तारखेला तोफा डागायला सुरुवात करावी लागली, किल्ला हाती आला बारा तारखेला. न्याहारी चार दिवस चालली म्हणायची.

तिथे एका चुटक्याने हरलेल्यांची झुंज खाल्ली. इथे भातवडीत एका चुटक्याने जिंकलेल्यांची झुंज खाल्ली आहे, आणि ती खाणारे आपणच आहोत, हे जास्त वाईट. पाण्याने शत्रू बुडवला म्हणताना आपण अंबराचे कौतुक करतो असे आपल्याला वाटते. पण चाके मोजून, बैल मोजून, शत्रूच्या पोटातला दाणा संपेपर्यंत थांबलेल्या सेनापतीला आपण तलावाच्या दारावरचा पाटकरी करून ठेवतो. आणि ज्याने खडकीला नहर आणली, जमिनीची प्रत पाहून सारा बसवला, त्याला आपल्याच मुलखातला भरला तलाव फोडताना काय वाटले असेल, हा प्रश्न तर कुणाच्या मनातही येत नाही. त्या वर्षी तलावाखालच्या रानात पाणी कुठून आले असेल? लढाईची ही किंमत अंबराच्या रयतेने मोजली.

भातोडीला जाणाऱ्याने तलाव जरूर पाहावा. पावसाळ्यात गेलात तर बांधावरून खाली काळ्या रानात उतरून चार पावले टाका, मग लष्करखानाचे गाडे का अडले ते पायांना कळेल. तिथून शरीफजीच्या समाधीकडे जा. ज्यांना अजूनही वाटते की त्या रात्री सगळे पाण्याने उरकले, त्यांनी वाहून गेलेल्या एका तरी सरदाराचे नाव सांगावे. बाणाने पडलेल्याचे नाव मी सांगितले आहे.